एपिपेन: उपकरण उत्तम, किंमत मात्र घरखर्चाला न पेलणारी

आम्ही अमेरिकेत राहतो आणि मुलाला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असल्यामुळे एपिपेन, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या जिवावर बेतणाऱ्या झटक्यात औषध टोचणारे पेनासारखे इंजेक्शन, घरात कायम हाताशी ठेवावे लागते. उपकरण म्हणून त्याच्याविषयी माझी कसलीही तक्रार नाही. निळे टोपण सरळ वर ओढायचे, नारिंगी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला खट् असा आवाज येईपर्यंत जोरात दाबायचे आणि तीन सेकंद तसेच धरायचे. वेळप्रसंगी हे कपड्यांवरूनही करता येते. पेन मांडीवरून उचलताच नारिंगी आवरण पुढे येऊन सुई झाकते. सोबत सुई आणि औषध नसलेले सरावाचे पेन मिळते, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही ते वापरायला शिकवता आले.

प्रश्न आहे तो किमतीचा. आतले एपिनेफ्रिन हे जुने आणि मुळात अगदी स्वस्त औषध आहे. तरीही दोन पेनांच्या पाकिटाची दर्शनी किंमत २००७ मध्ये सुमारे १०० डॉलर होती, ती २०१६ पर्यंत ६०० डॉलरच्या पुढे गेली. बरे, एका पाकिटात भागतही नाही. पहिल्या मात्रेने लक्षणे आटोक्यात आली नाहीत तर दुसरी द्यावी लागते, म्हणून दोन्ही पेने एकत्रच ठेवायची असतात आणि एक घरी, एक शाळेत अशी वाटणी करता येत नाही. शाळेसाठी वेगळे पाकीट घ्यावे लागते, आणि मुदत संपली की न वापरलेली पेनेही बदलावी लागतात. जीव वाचवणाऱ्या औषधासाठी आईवडिलांना असा हिशेब मांडावा लागणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून माझी शिफारस जेनेरिक पेनाची आहे. एपिपेन विकणाऱ्या मायलन कंपनीनेच डिसेंबर २०१६ मध्ये ३०० डॉलरला आणलेले जेनेरिक म्हणजे वेगळ्या नावाने तेच उपकरण होय. २०१८ मध्ये तेवा कंपनीच्या जेनेरिकलाही मान्यता मिळाली. डॉक्टरांना चिठ्ठीवर ब्रँडऐवजी ‘एपिनेफ्रिन ऑटो-इंजेक्टर’ असे लिहायला सांगावे. कोलोरॅडो राज्याने २०२४ पासून दोन पेनांसाठी विमाधारकाच्या वाट्याचा खर्च ६० डॉलरपर्यंत मर्यादित केला असून विमा नसलेल्यांसाठीही त्याच दराची सोय केली आहे. अशी मर्यादा प्रत्येक राज्यात हवी.

मात्र सगळी जेनेरिक पेने एकसारखी नसतात. काहींची दोन्ही टोकांची टोपणे काढावी लागतात. त्यामुळे पेन बदलले की त्याच प्रकारच्या सरावाच्या पेनाने पुन्हा सराव करावा आणि शाळेतल्या नर्सलाही ते दाखवून ठेवावे.