विंडोजवर पोर्ट केलेल्या फाइल-कमांड्स : काही महिने वापरून आणि दुरुस्त करून

काम विंडोजवर, पण बोटांना सवय युनिक्सच्या एलएस (फाइल्सची यादी), सीपी (कॉपी), डीयू (डिस्कवरची जागा मोजणं) या कमांड्सची. म्हणून जीएनयू कोअरयूटिल्सचा, म्हणजे अशा मूलभूत कमांड्सच्या मोफत संचाचा, विंडोजवर चालेल असा बदललेला (पोर्ट केलेला) एक जुना संच उतरवून घेतला. मूळ आवृत्ती ५.३.०, म्हणजे २००५ ची. सुट्या छोट्या एक्सई फाइल्स, वेगळं शेल (कमांड टाइप करायचा प्रोग्राम) लागत नाही, बॅच फाइलमधून थेट चालतात. सोयीला तोड नाही. जीपीएल या खुल्या परवान्यामुळे सोर्सही (मूळ कोड) मिळतो, त्यामुळे जे खटकलं ते दुरुस्त करत गेलो. माझं मत असं झालंय की मूळ कमांड्स अजूनही ठणठणीत आहेत; गडबड आहे ती युनिक्स आणि विंडोजच्या सांध्यात.

सगळ्यात वाईट बग सीपीचा. दोन नावं एकाच फाइलची आहेत का, हे युनिक्समध्ये डिव्हाइस नंबर (कोणती डिस्क) आणि आयनोड नंबर (त्या डिस्कवर फाइलची ओळख) जुळवून ठरतं. विंडोजच्या जुन्या सी रनटाइममधलं (सी प्रोग्राम्सना लागणाऱ्या लायब्ररीतलं) स्टॅट, म्हणजे फाइलची माहिती देणारं फंक्शन, आयनोडच्या जागी कायम शून्य देतं. म्हणजे एका ड्राइव्हवरच्या सगळ्याच फाइल्स एकमेकींच्या जुळ्या! अशाने सीपी एकही कॉपी करणार नाही. पोर्ट करणाऱ्याने यावर काढलेला तोडगा म्हणजे ती तपासणीच बंद. मग लहान अक्षरांतलं नाव सोर्स म्हणून आणि तेच नाव कॅपिटलमध्ये डेस्टिनेशन म्हणून दिलं, की विंडोजच्या लेखी दोन्ही एकच. सीपी सोर्स वाचायला उघडतं, डेस्टिनेशन रिकामं करून उघडतं, आणि वाचायला काही उरतच नाही. शून्य बाइटची फाइल हातात, एरर नाही, एक्झिट कोडसुद्धा (कमांड संपताना परत देते तो आकडा) यशाचा.

विंडोजकडे यासाठी गेटफाइलइन्फर्मेशनबायहँडल हा कॉल आहे. तो व्हॉल्यूमचा सिरियल नंबर आणि ६४ बिटांचा फाइल इंडेक्स देतो. हे दोन्ही मिळून आयनोडचं काम सहसा भागतं. पण जुन्या रनटाइमच्या स्ट्रक्चरमध्ये आयनोडची जागा १६ बिटांचीच, म्हणून स्वतःचं स्टॅट आणि स्वतःचं स्ट्रक्चर लिहून सगळा संच पुन्हा कंपाइल करावा लागला. त्याच कॉलमधून हार्डलिंकची, म्हणजे एकाच फाइलच्या वेगवेगळ्या नावांची, संख्याही मिळते. त्यामुळे डीयू एकच फाइल दोनदा मोजायचं, तेही आपोआप थांबलं.

आरएमचं (फाइल पुसणारी कमांड) प्रकरण याहून जपून हाताळायचं. जंक्शन म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारं फोल्डर. जुन्या स्टॅटला ते साधं फोल्डरच दिसतं. रिकर्सिव्ह (आतल्या फोल्डरांसकट पुसणारं) आरएम सरळ आत शिरतं आणि जिथे बोट दाखवलंय तिथला माल साफ करतं. जंक्शनवर रीपार्स पॉइंटची, म्हणजे 'ही साधी फाइल किंवा फोल्डर नाही' अशी, खूण असते; ती दिसली की आत जायचं नाही, इतकं पुरेल असं वाटतं, पण क्लाउडवरून गरजेप्रमाणे उतरणाऱ्या फाइल्सही रीपार्स पॉइंटच असू शकतात. म्हणून रीपार्स पॉइंट कोणत्या प्रकारचा ते सांगणारा टॅग वाचायचा. सिमलिंक (दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणारी लिंक) आणि माउंट पॉइंट (जंक्शनचा टॅग) या दोनच टॅगांना लिंक मानायचं. विंडोजच्या रोबोकॉपी या कॉपी कमांडमध्ये जंक्शन वगळण्याचा खास पर्याय आहे तो उगाच नाही. यूजर प्रोफाइलमध्ये एक जंक्शन चक्क स्वतःच्याच पालक फोल्डरकडे जातं!

टेक्स्ट मोडचा त्रास रोजचा. फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडली, की २६ क्रमांकाचा बाइट, म्हणजे कंट्रोल-झेड, दिसताच रनटाइम फाइल संपली असं समजतो. हा सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमचा वारसा. तिथे फाइलची लांबी १२८ बाइटच्या रेकॉर्डमध्ये मोजली जायची, म्हणून मजकूर कुठे संपला ते सांगायला खूण लागायची. आज त्या खुणेमुळे कॅटमधून (फाइलचा मजकूर ओतणारी कमांड) काढलेली झिप फाइल अर्ध्यावर तुटते. शिवाय लिहिताना प्रत्येक लाइनफीडच्या (युनिक्सची ओळ संपल्याची खूण) आधी एक कॅरेज रिटर्न (विंडोजच्या ओळीच्या शेवटीचा जादा बाइट) घुसडला जातो. सगळं बायनरी मोडला नेणं सोपं आहे, पण मग विंडोजच्या टेक्स्ट फाइलवर कट (कॉलम वेगळे काढणारी कमांड) चालवला, की शेवटच्या कॉलमला कॅरेज रिटर्न चिकटून येतो आणि पुढची तुलना फसते. मी तरीही सरसकट बायनरीच केलं. चिकटलेलं ते शेपूट दिसतं तरी. गायब झालेले बाइट दिसत नाहीत.

मराठी नावाच्या फाइल्स एलएसमध्ये प्रश्नचिन्हांची माळ होऊन येतात, आणि प्रश्नचिन्ह विंडोजच्या फाइलनावात चालतच नाही, म्हणून ते आउटपुट पुढच्या कमांडला निरुपयोगी. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये (एक्सईला जोडलेली सेटिंगची नोंद) यूटीएफ-८ कोडपेज, म्हणजे सगळ्या लिपी सामावणारी अक्षरपद्धत, जाहीर केलं की कोडला हात न लावता नावं शाबूत राहतात. कॉलम मात्र अजून वेडेवाकडे येतात, कारण जुन्या रनटाइमला यूटीएफ-८ चं लोकेल (भाषेची सेटिंग) ठाऊकच नाही. २६० अक्षरांच्या पाथची मर्यादाही मॅनिफेस्टने सुटते, फक्त रजिस्ट्रीतली सेटिंगही चालू हवी.

ज्याला कंपाइलर लावायचा नाही त्याने या संचातलं एलएस, डब्ल्यूसी (ओळी-शब्द मोजणी), हेड (सुरुवातीच्या ओळी दाखवणं) खुशाल वापरावं. सीपी, एमव्ही (फाइल हलवणं), आरएमच्या वाटेला मुळीच जाऊ नये. त्यासाठी विंडोजवर युनिक्सची साधनं देणारं एमएसवायएस-२ किंवा रस्ट भाषेत नव्याने लिहिलेला याच कमांड्सचा संच यूयूटिल्स बरा. आणि या संचाचं फोल्डर पाथमध्ये (विंडोज कमांड शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) घालताना एक बघा. विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्येही ओळी क्रमाने लावणारी सॉर्ट नावाची कमांड आहे. आपलं फोल्डर यादीत त्याच्या आधी लावलं तर विंडोजचं सॉर्ट गृहीत धरणाऱ्या जुन्या बॅच फाइल्स बिघडतात, नंतर लावलं तर आपलं सॉर्ट चालतच नाही. मी आपल्या एक्सईचं नाव बदलून जीसॉर्ट केलं.