मोहर्लीचा डेक, चंद्रपूरचं ऊन आणि रंगछटेचं तेल

निकाल आधीच सांगते. विदर्भाच्या उन्हात उघड्यावर असलेल्या लाकडी डेकला (फळ्यांच्या ओट्याला) चकचकीत वॉर्निश किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं कडक पॉलिश, लावू नका. लाकडात मुरणारं, रंगछटा असलेलं डेक ऑइल लावा. तेलाला माझे पाचपैकी साडेचार. ते लावणाऱ्या चंद्रपूरच्या पॉलिश मिस्त्रींना हाताच्या कामाचे पाच आणि वेळ पाळण्याचे दोन. उरलेलं ज्यांना वाचायचंय त्यांच्यासाठी.

ताडोब्याच्या मोहर्ली गेटजवळ आमचं लहानसं होमस्टे आहे. खोल्यांच्या पश्चिमेला साधारण चारशे चौरस फुटांचा डेक, बल्लारशाहच्या डेपोतून घेतलेल्या सागवानाचा. (२०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारशाहहून सागवान गेलं, तेव्हापासून आमच्याकडचा प्रत्येक लाकूडवाला आपलं फाटंसुद्धा त्याच झाडाचं असल्यासारखा भाव सांगतो.) पश्चिमेची बाजू पाहुण्यांना आवडते, कारण संध्याकाळ तिकडे उतरते. लाकडाला मात्र तीच नको असते. मे महिन्यात पारा ४६-४७ला टेकतो आणि दुपारी त्या फळ्यांवर अनवाणी पाय ठेवायची सोय नसते.

बांधकामाच्या कंत्राटदाराने डेकवर पीयू मारून दिलं होतं. पहिल्या हिवाळ्यात फोटो इतके छान आले की बुकिंगच्या पानावर आजही तेच आहेत. पुढच्या पावसाळ्यानंतर पोपडे सुटायला लागले. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, आणि वरचा कडक थर त्याच्यासोबत हलत नाही, तडकतो. त्या बारीक भेगेतून पाणी आत जातं, पण बाहेर यायला वाट नसते. मग खाली पांढुरके डाग, त्यांच्या कडेला काळपट बुरशी. एक पोपडा उचकटला की पाहुण्यांची मुलं बाकीचे आवडीने सोलतात. आणि यावर वरवरची डागडुजी चालत नाही, हा त्यातला खरा खर्च. नवा थर द्यायचा तर जुना पूर्ण उतरवावा लागतो.

मिस्त्री पहिल्यांदा आले, फळीवर नख घासून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘ताई, याले आधी पूर्ण सोलाच लागते. वरून काही मारलं तर पैसे पाण्यात.’’ हे ऐकूनच मी काम त्यांना दिलं. आधी आलेला माणूस ‘एक हात अजून मारू, चमकून जाईल’ म्हणाला होता.

सोलणं हेच खरं काम. ऐंशी नंबरच्या सँडपेपरने मशीनवर घासलं आणि तिथेच थांबले. मी आणखी गुळगुळीत करा म्हटलं तर साफ नाही म्हणाले. उघड्यावरच्या फळीला फार बारीक पेपर मारला की तिचा पृष्ठभाग मिटतो आणि तेल पीत नाही, वरच राहतं. लोखंडी खिळ्यांभोवतीचे निळे-काळे डाग ऑक्सॅलिक ॲसिडच्या पाण्याने काढले (हातमोजे घालून, आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन), खिळे काढून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवले. प्रेशर वॉशर लावू का, असं मीच विचारलं होतं. मिस्त्रींनी कोपऱ्यातल्या एका फळीवर तो चालवून दाखवला. मऊ रेषा उपटून निघाल्या आणि कुसं उभी राहिली. पुन्हा विचारलं नाही. शेवटी थिनरच्या चिंधीने पुसून घेतलं, कारण सागवानाचं स्वतःचं तेल वर आलेलं असलं की बाहेरचं तेल नीट बसत नाही.

आता तेलाबद्दल. कंपनीचं नाव लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको, आणि या प्रकारचं तेल एकापेक्षा जास्त कंपन्यांचं मिळतं. डब्यावर काय बघायचं ते सांगते. बाहेरच्या आडव्या लाकडासाठी आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं, कारण भिंतीवरच्या उभ्या फळीपेक्षा डेकला ऊन, पाऊस आणि पाय तिन्ही जास्त. बुरशीरोधक हवं. आणि रंगछटा हवी. दुकानदार नैसर्गिक दिसतं म्हणून पारदर्शक डबा पुढे करतो. उन्हातली अतिनील किरणं लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन मोडतात, ते पावसाने धुऊन जातं आणि उरतो तो करडा, तुसासारखा थर. पारदर्शक तेल पाणी अडवतं, ऊन फारसं अडवत नाही. ऊन अडवायचं काम रंगद्रव्याचं. आम्ही मधली तपकिरी छटा घेतली. फार गडद घेतली तर फळ्या आणखी तापतात.

भाव लिटरला दीड ते दोन हजारांच्या मध्ये. वाळलेलं सागवान तेल बरंच पितं, दोन हातांना सहा-सात लिटर गेलं. मजुरी तेलाच्या दुपटीहून थोडी जास्त, पण तिच्यातला मोठा भाग पीयू सोलण्याचा. नवा डेक असेल तर तो खर्च तुम्हाला नाहीच.

गावातल्या जुन्या माणसांचा सल्ला कच्च्या जवसाच्या तेलाचा. जवस आमच्या विदर्भातलाच, स्वस्त पडतो, आणि आतल्या दारांना तो शोभतोही. उघड्यावर मात्र तो कित्येक दिवस चिकट राहतो, धूळ धरतो, आणि पावसाळ्यात त्याच्यावर काळी बुरशी पोसते. आमच्या मागच्या बाकाची तीच गत झाली आहे.

लावायची वेळ हा इथला मोठा पेच. कोअरचे, म्हणजे जंगलाच्या गाभ्याचे, गेट जुलै ते सप्टेंबर बंद असतात, म्हणजे आम्ही तीन महिने बऱ्यापैकी मोकळे. पण तेव्हा फळी ओली. १ ऑक्टोबरला गेट उघडतं, पाहुणे येतात आणि नेमकं तेव्हाच लाकूड वाळायला लागतं. मिस्त्रींकडे ओल मोजायचं यंत्र आहे. आकडा पंधरा टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय डबा उघडत नाहीत. म्हणून दिवाळीची गर्दी ओसरल्यावर, मंगळवार धरून, अर्धा अर्धा डेक करतो. मंगळवारी कोअरची सफारी बंद, खोल्या रिकाम्या. उन्हाळ्यात हे काम काढूच नये. तापलेल्या फळीवर तेलातलं द्रावक झटक्यात उडतं, तेल आत जात नाही आणि ब्रशचे पट्टे उमटतात. नोव्हेंबरातही मिस्त्री सकाळी दव सुकल्यावर सुरू करून ऊन चढायच्या आत थांबायचे.

हात पातळ द्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटांनी जे फळीने प्यालं नाही ते चिंधीने पुसून घ्यायचं. हे पुसणं टाळलं की डेक चिकट होतो. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना मात्र पोट भरेपर्यंत पाजायचं, पाणी सगळ्यात जास्त तिथून शिरतं. आणि त्या तेलकट चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. मिस्त्री त्या पाण्याच्या बादलीत बुडवतात.

दोन उन्हाळे काढल्यावरचा हिशेब असा: पोपडा एकही नाही. पश्चिमेच्या कडेच्या फळ्या, जिथे छपराची सावली पोचत नाही, वर्षभरात फिकट होतात. आतल्या फळ्या दुसऱ्या वर्षीही ठीक. पाणी शिंपडून बघायचं: थेंब उभे राहिले तर अजून दम आहे, पाणी मुरून फळी काळवंडली तर तेल द्यायची वेळ आली. मग सोलणं नाही, फक्त धुणं, हलकं घासणं आणि एक हात. गेल्या खेपेला तेवढ्या कडेच्याच फळ्या केल्या, दीड लिटरमध्ये भागलं. अर्धा गुण कापला तो डागांसाठी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं डेकवर गळतात, पहाटेच झाडली नाहीत तर चिकट ठसे धरतात. कुंड्यांखालचे गोलही उठतात. पीयूवर हे पुसलं जायचं, खरं बोलायला हवं.

मिस्त्रींचे तीन गुण कुठे गेले? ‘उद्या येतो’ म्हणजे कोणता उद्या, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. सोललेला अर्धा डेक तसाच टाकून ते लग्नाला गेले आणि आम्ही पाहुण्यांना मागच्या दाराने नेत होतो. आगाऊ पैसे थोडेच द्या, आणि दुसरा हात झाल्याशिवाय हिशेब पुरा करू नका.

उरलेलं तेल मोठ्या डब्यात ठेवू नका. आतल्या हवेने वर साय धरते आणि पुढच्या वर्षी ते फेकावं लागतं. लहान बरणीत तोंडापर्यंत भरून, छटेचा नंबर चिकटवून ठेवा.