तपकीर गल्लीतील संगणक दुरुस्ती: एक चांगला अनुभव

वडिलांच्या संगणकावरील ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड कोणालाच आठवेना आणि त्यांचे स्वतःचे खाते साधे असल्यामुळे प्रिंटरचे सॉफ्टवेअरसुद्धा टाकता येईना. घराजवळच्या एका दुकानाने 'फॉरमॅट करावे लागेल' असे पाहताक्षणीच सांगितले; मात्र त्यात आईचे पंधरा वर्षांचे फोटो होते, म्हणून आम्ही पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतल्या एका छोट्या दुकानात गेलो.

तेथील तंत्रज्ञाने आधी खरेदीची पावती आणि वडिलांचे ओळखपत्र मागितले, आणि मला तेच सर्वांत आवडले, कारण दुसऱ्याचा संगणकही असाच उघडून घेता आला असता. डिस्क बिटलॉकरने (विंडोजमधील डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सुविधेने) कुलूपबंद असल्याने ती उघडायला ४८ अंकी रिकव्हरी की लागणार होती. ती वडिलांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली निघाली. तंत्रज्ञाने ते अंक सहा-सहाच्या गटांत मोठ्याने वाचून घेतले, सर्व फोटो आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवले आणि मगच वडिलांच्या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार दिले.

एकही फाइल गेली नाही. गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही, त्यामुळे जड सीपीयू घेऊन रिक्षानेच जावे.