गळका गॅस-फ्रिज आणि तुर्भ्याचे अमोनियावाले मेस्त्री

मोटारहोममध्ये गॅसवर चालणारा जुना ॲब्सॉर्प्शन फ्रिज (कॉम्प्रेसरऐवजी उष्णता आणि अमोनियाच्या जोरावर गारवा करणारा) असेल आणि गाडीत शिरल्याबरोबर डोळे चुरचुरत असतील, तर घरगुती फ्रिजवाल्यांकडे खेटे घालू नका. तुर्भे एमआयडीसीत शीतगृहांचे अमोनिया प्लांट सांभाळणारे मेस्त्री असतात, त्यांच्यातला एखादा गाठा. आम्हाला असे एक साताऱ्याकडचे काका मिळाले. गाड्यांचे फ्रिज ते फक्त सवडीने बघतात, म्हणून नाव-नंबर कुठे देऊ नका असं त्यांनी बजावलं आहे. पण काम कसं झालं ते सविस्तर लिहिते, म्हणजे तुमच्या मेस्त्रीला पारखता येईल.

आमची गाडी ट्रॅव्हलरवर बांधलेली, जुनी घेतलेली. फ्रिज परदेशी, गॅस, १२ व्होल्ट आणि घरची वीज अशा तिन्हींवर चालणारा. सासूबाई आमच्याबरोबर फिरतात. त्यांचं न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, त्यामुळे फ्रिज ही आमच्याकडे चैनीची वस्तू नाही. कोकणात वेळासला निघायच्या आदल्या दिवशी घोडबंदर रोडवर सोसायटीत गाडी उभी होती. फ्रिजच्या मागची नळी चटका बसेल इतकी तापलेली, आत मात्र दूध कोमट. आणि वास! एलपीजीचा वास आम्ही ओळखतो, हा तो नव्हता. केसांच्या डायसारखा, नाकात चढणारा. एका फ्रिजवाल्याने गाडी न बघताच फोनवर सांगितलं, "फ्रिजच्या आतला गॅस संपलाय, भरून देतो."

तुर्भ्याच्या काकांनी फोनवर आधी कामं सांगितली. फ्रिज तिन्ही बाजूंनी बंद करा, सिलिंडर बाहेर काढा, कुठलंही बटण उगाच दाबू नका. छताची खिडकी उघडा, कारण अमोनिया हवेपेक्षा हलका, तो वर जातो. दारही उघडं ठेवा, कारण एलपीजी जड, ती जमिनीशी साचते. वास पूर्ण गेल्याशिवाय गाडी हलवू नका. तोवर सासूबाईंचं इन्सुलिन घरच्या फ्रिजमध्ये गेलं आणि वेळास रद्द झालं. गाडी उंच असल्याने विटाव्याचा रेल्वेपूल टाळून मुलुंड-ऐरोली पुलावरून गेलो.

तपासणी बघण्यासारखी होती. काकांनी गाडीच्या बाहेरच्या बाजूची जाळी काढली आणि बॅटरीच्या उजेडात बॉयलरपाशी, म्हणजे आच लागते त्या भागापाशी, पिवळी पूड दाखवली. मी वाकले तसा त्यांनी हात आडवा घातला. "ताई, बोट लावू नका. हा क्रोमेट आहे, विषारी." नळ्या आतून गंजू नयेत म्हणून त्यांतल्या अमोनियाच्या पाण्यात सोडियम क्रोमेट घातलेलं असतं. गळतीच्या जागी पाणी उडून जातं आणि पिवळा डाग उरतो. मग त्यांनी हळदीच्या पाण्यात भिजवलेली कागदाची पट्टी तिथे धरली. थोड्याच वेळात पट्टी लालसर तपकिरी झाली. शीतगृहात गळती शोधायला गंधकाची कांडी पेटवतात, अमोनिया असेल तिथे पांढरा धूर दिसतो. इथे मात्र ती पेटवायची नाही, कारण या फ्रिजच्या आत हायड्रोजनही असतो. ते ऐकलं आणि माणूस बरोबर आहे याची खात्री पटली.

या फ्रिजची करामत मला तिथेच नीट कळली. १९२२ साली स्टॉकहोममध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी तो शोधला. ना कॉम्प्रेसर, ना पंप. खाली आच द्यायची, अमोनिया पाण्यातून उकळून वर जातो, गार होऊन द्रव होतो आणि हायड्रोजनच्या सोबतीने कमी दाबावर पुन्हा वाफ होताना आतली उष्णता ओढून घेतो. सगळं पोलादी नळ्यांत कायमचं सीलबंद, २० बारच्या वर दाब. "ह्यात गॅस भरायला तोंडच ठेवलेलं नसतं. भरून देतो म्हणंल त्याला गाडीला हात लावू देऊ नका," काका म्हणाले. अशी नळी कापून वेल्डिंग करायलाही त्यांनी साफ नकार दिला. हातातलं गिऱ्हाईक सोडून असं सांगणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो.

दोन वाटा त्यांनी समोर ठेवल्या: परदेशातून नवीन कूलिंग युनिट मागवायचं किंवा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज बसवायचा. पहिल्यात पैसा जास्त, शिवाय द्रव उतारानेच वाहतो म्हणून जुन्या घडणीचं युनिट तीनेक अंशांहून जास्त कललं की बॉयलर तापून खराब होतो. कोकणात सपाट जागा शोधत कुठे हिंडायचं? आम्ही दुसरी वाट धरली. जुना फ्रिज १२ व्होल्टवर सतत १२० वॅट खायचा, नवा चालू असताना साधारण ४५ आणि मधेमधे बंदही होतो.

बसवण्याच्या कामाला पैकीच्या पैकी गुण. पिवळी पूड झाडली नाही, हातमोजे घालून ओल्या फडक्याने टिपली आणि फडकंही पिशवीत बंद केलं. जुनं युनिट भंगारवाल्याला न देता प्लांटच्या घातक कचऱ्याबरोबर पाठवायला वेगळं ठेवलं. गॅसच्या नळीला पितळी टोपी लावून साबणाच्या पाण्याने तपासली. बॅटरीपासून जाड केबल नवी ओढली, कारण बारीक वायरीत व्होल्टेज पडलं की कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. फ्रिजसकट सगळं पन्नास हजारांच्या आत बसलं.

उणं काय ते सांगते. एका शीतगृहाचा प्लांट बंद पडला तेव्हा काका तिकडे गेले आणि आमचं काम रखडलं. तिथे बसायला जागा नाही, ज्येष्ठांना नेऊ नका. गल्लीत ट्रक उभे असतात, उंच गाडी वळवताना नाकी नऊ येतात. आणि जुन्या फ्रिजला आवाज अजिबात नव्हता. आता रात्री उशाशी घुरघुर असते, सासूबाईंना तिची सवय व्हायला वेळ लागला. एका सिलिंडरवर निवांत मुक्काम करायची सोयही गेली, छतावर सोलर पॅनल घ्यावं लागणार आहे.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, दुपारनंतर मेस्त्री प्लांटवर असतात. फ्रिजच्या आतल्या बाजूच्या, मॉडेल लिहिलेल्या पट्टीचा आणि मागच्या जाळीचा फोटो आधी पाठवा. सिलिंडर घरी ठेवूनच निघा, गाडीत सिलिंडर असेल तर आमचे काका जाळीचा स्क्रूसुद्धा काढत नाहीत.