लेखन टाळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी गूगल डॉक्स: एका शिक्षकाचे परीक्षण

लेखन टाळणाऱ्या विद्यार्थ्याला आळशी ठरवून आपण बहुधा मोकळे होतो. पण हाच विद्यार्थी तोंडी विचारल्यावर घडलेला प्रसंग रंगवून सांगतो, आपला मुद्दा हिरिरीने मांडतो, आणि वही उघडली की दोन ओळींवर अडतो. सुचणे, सुचलेले वाक्यात बसवणे, अक्षर काढणे आणि शुद्धलेखन सांभाळणे ही सारी कामे लिहिताना एकाच वेळी करावी लागतात. ज्याचे अक्षर किंवा शुद्धलेखन कच्चे आहे, त्याचे लक्ष शेवटच्या दोन कामांतच संपते आणि सांगण्यासारखे जे होते ते मनातच राहून जाते. ही कामे वेगवेगळी करण्यासाठी गूगल डॉक्स हे इंटरनेटवर मजकूर लिहिण्याचे साधन कितपत उपयोगी पडते, एवढ्याच कसोटीवर मी हे परीक्षण लिहीत आहे.

हे साधन मुलांसाठी मुद्दाम बनवलेले नाही. त्यात गुण, तारे, बिल्ले असे काही नाही, आणि माझ्या मते हाच त्याचा पहिला गुण आहे. बक्षिसे वाटणाऱ्या ॲपमध्ये मुलाची नजर पुढच्या बिल्ल्यावर असते. बिल्ले थांबले की लिहिणेही थांबते. लिहावेसे वाटण्याचे कारण लेखनाच्या आतच सापडावे लागते, आणि ते सापडेपर्यंतचा अडथळा कमी करणे एवढेच काम तंत्रज्ञानाने करावे.

तो अडथळा सर्वांत जास्त कमी होतो तो ‘व्हॉइस टायपिंग’मुळे. बोललेले शब्द पानावर उमटवणारी ही सोय गूगल डॉक्समध्ये २०१५ मध्ये आली. संगणकावर क्रोम ब्राउझरमध्ये दस्तऐवज उघडून साधनांच्या मेनूतून ती सुरू करता येते, भाषांच्या यादीत मराठीही आहे, आणि वेगळे काही बसवावे लागत नाही. आपणच बोललेले वाक्य क्षणात अक्षररूप झालेले पाहणे, हा लेखनाला बिचकणाऱ्या मुलासाठी फार मोठा अनुभव असतो. पान भरते, आणि आपल्याजवळ लिहिण्यासारखे काही नाही हा त्याचा समज त्याच्या डोळ्यांदेखत खोटा ठरतो. मात्र त्या क्षणी शिक्षकाने ‘छान झाले’ म्हणून काम संपवले, तर हाती फक्त बोलण्याची नोंद उरते. तिला लेखन म्हणता येत नाही.

खरे काम इथून पुढे सुरू होते. बोलून विरामचिन्हे घालण्याची सोय इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशा मोजक्या भाषांपुरती मर्यादित आहे. मराठीत ती चिन्हे नंतर हाताने घालावी लागतात. तांत्रिक दृष्टीने ही उणीव आहे, यात शंका नाही. वर्गात मात्र मला ती अतिशय उपयुक्त वाटते, कारण सलग उमटलेला मजकूर मोठ्याने वाचताना वाक्य कुठे संपते हे मुलाला स्वतः ठरवावे लागते. ‘मग’, ‘आणि’, ‘मग परत’ यांची लांबलचक साखळी त्याच्या कानाला खटकू लागते, एखादी गोष्ट दोनदा सांगितल्याचे लक्षात येते, कोणाबद्दल बोलतो आहोत हे सांगायचे राहूनच गेल्याचेही कळते. बोलणे आणि लिहिणे यांतला फरक समजावण्याचा याहून चांगला पाठ मला पाठ्यपुस्तकात सापडलेला नाही. मजकूर मुलाचा स्वतःचा असल्यामुळे दुरुस्ती करण्यात त्याला रसही असतो. यंत्राने ऐकण्यात केलेल्या चुकांचाही फायदा होतो: ती चूक यंत्राची असते, त्यामुळे ती शोधताना मुलाला कमीपणा वाटत नाही, आणि शुद्धलेखनाकडे पाहण्याची सवय मात्र लागते.

कच्चा खर्डा तयार होईपर्यंत शब्दांखाली लाल रेघा दाखवणारी शुद्धलेखन तपासणी बंद ठेवावी. चुकण्याच्या भीतीनेच जे मूल थांबते, त्याला प्रत्येक शब्दागणिक चूक दाखवणे म्हणजे तीच भीती पुन्हा परत देणे होय.

दुसरी महत्त्वाची सोय म्हणजे मजकुराच्या कडेला लिहिता येणाऱ्या टिप्पण्या. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवरील लेखन-अध्यापनाच्या संशोधनांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध केला. लेखनाच्या दर्जावर वर्ड प्रोसेसरच्या, म्हणजे संगणकावर मजकूर लिहिण्याच्या साधनाच्या, वापराचा परिणाम त्यात ०.५५ इतका आढळला (हा आकडा जितका मोठा, तितका परिणाम जास्त), तर विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या साथीने आराखडा, खर्डा आणि दुरुस्ती करण्याचा परिणाम ०.७५ होता. यंत्रापेक्षा सोबतीचा वाटा मोठा आहे, हे वर्गातही जाणवते. ‘पुढे काय झाले ते सांग ना’ अशी वर्गमित्राची एक ओळ मुलाला पुन्हा लिहायला बसवते. शेरा आणि गुण यांना ते क्वचितच साधते. टिप्पणी करणाऱ्याला ‘टिप्पणीकार’ एवढाच अधिकार द्यावा, संपादनाचा देऊ नये. मूळ मजकूर लिहिणाऱ्याच्याच हाती राहिला पाहिजे.

याच कारणाने ‘सुचवणे’ या सोयीबद्दल, म्हणजे दुसऱ्याने मजकुरातच बदल सुचवण्याबद्दल, माझे मत प्रतिकूल आहे. शिक्षकाने तिच्यातून प्रत्येक वाक्य सुधारले, तर मुलाला फक्त ‘स्वीकारा’ एवढेच दाबायचे उरते. मजकुराची आधीची रूपे जपून ठेवणाऱ्या आवृत्ती-इतिहासाचे मात्र कौतुक करावेसे वाटते. पहिला खर्डा आणि आजचा मजकूर यांतले अंतर मुलाला त्यात स्वतः पाहता येते. मूल किती वाजता किती शब्द लिहिते यावर पाळत ठेवण्यासाठी त्याचा वापर करू नये. त्याने विश्वास तुटतो.

काही मर्यादा स्पष्टच आहेत. व्हॉइस टायपिंगला चांगले इंटरनेट आणि बऱ्यापैकी शांतता लागते. भरलेल्या वर्गात सगळ्यांनी एकाच वेळी बोलून चालत नाही, म्हणून गट करून, आळीपाळीने वापर करावा लागतो. उच्चार अस्पष्ट असलेल्या किंवा चारचौघांत बोलायला लाजणाऱ्या मुलासाठी हा मार्ग सुरुवातीला सोयीचा नाही. त्याला टंकलेखनाने किंवा चित्राखाली एक ओळ लिहून सुरुवात करू द्यावी. ज्याला मुळात सुचतच नाही, त्याला आधी गप्पांची आणि वाचनाची गरज आहे. मायक्रोफोन त्याच्या उपयोगी पडणार नाही. हस्तलेखनाचा सरावही वेगळा चालू ठेवावाच लागतो.

ज्या मुलांची जीभ चालते पण हात अडतो, त्यांच्यासाठी मी हे साधन निःसंकोच सुचवेन. मात्र शिक्षकाने पहिल्या खर्ड्यानंतर मुलाशेजारी बसून त्याचा मजकूर त्याच्याच तोंडून ऐकण्याइतका वेळ राखून ठेवला पाहिजे. तेवढा वेळ मिळत नसेल, तर आठवड्याला एकाच गटाला हे काम द्यावे आणि बाकीच्यांना थांबू द्यावे.