नजरेची ऊर्जा मोजणारे यंत्र : खानापुरातील घरगुती अनुभव

बेळगावात भरलेल्या एका प्रदर्शनातून माझ्या वहिनींनी नजरेतून बाहेर पडणारी ऊर्जा दाखवणारे म्हणून विकले जाणारे यंत्र १,८०० रुपयांना आणले. खानापूरजवळच्या आमच्या गावात म्हशीचे दूध घटले की आधी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढतात; त्यामुळे दृष्ट कोणाची लागली हे काट्यावर दिसणार, या आश्वासनावर त्यांचा विश्वास बसला. यंत्र म्हणजे तळहाताएवढी प्लॅस्टिकची डबी, वर काटा आणि पुढे बोटभर तार. माहितीपत्रक कानडी व इंग्रजीत आहे. मराठी गिऱ्हाइकाला विकताना निदान एक पान मराठीत द्यायला हवे होते.

पहिल्या संध्याकाळी पुतणीने तारेकडे रोखून पाहिले आणि काटा निम्म्यापर्यंत चढला. घरातले सगळे थक्क झाले. तेवढ्यात लाईट गेली. कंदिलाच्या उजेडात मुलगी तशीच टक लावून पाहत होती, पण काटा शून्यावर येऊन पडला होता, आणि लाईट परत येताच तिने डोळे मिटलेले असतानाही तो पूर्वीइतकाच वर गेला. डबी ज्या भिंतीला टेकून ठेवली होती, तिच्यातून ट्यूबलाईटची वायर गेलेली आहे. घरातल्या विजेचा दर सेकंदाला ५० आवर्तनांचा परिणाम ही तार पकडते आणि माणूस जवळ आला की काटा कमीजास्त होतो; डोळ्यांचा त्यात काही भाग नाही.

पत्रकात १९२१ च्या लंडनमधील प्रयोगाचा दाखला आहे. चार्ल्स रस या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात असा लेख लिहिला होता हे खरे. त्यांनी रेशमी धाग्याला टांगलेली तारेची हलकी गुंडाळी नजरेने फिरते असा दावा केला होता. परंतु इतकी हलकी वस्तू हवेच्या बारीकशा झुळकीनेही फिरते, आणि या डबीत तशी गुंडाळीही नाही. डोळ्याच्या पुढच्या व मागच्या भागांत व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास विद्युतदाब असतो व नेत्रतपासणीत तो मोजतातही, पण त्यासाठी डोळ्यांजवळच्या त्वचेला इलेक्ट्रोड चिकटवावे लागतात.

मात्र, नजर टोचते असे वाटणाऱ्यांना मी खुळे म्हणणार नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये लोकांना कागदाची उभी नळी किती कलल्यावर पडेल याचा अंदाज करायला सांगितला, तेव्हा चित्रातला चेहरा नळीकडे पाहत असला की ती नजर नळीला किंचित रेटते आहे अशा बेताने अंदाज बदलत होते. चेहऱ्याचे डोळे बांधलेले दाखवले की तो फरक राहत नव्हता. आपल्या न्यायदर्शनातही, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या प्राचीन तत्त्वज्ञानातही, डोळ्यांतून तेजाचे किरण निघून वस्तूपर्यंत जातात असेच मानले आहे. ही भावना मनात खोल रुजलेली आहे, आणि म्हणूनच तिच्यावर धंदा करणे मला फार वाईट वाटते.

यंत्र परत न्यायला गेलो तेव्हा, सील फोडल्यामुळे पैसे मिळणार नाहीत, असे विक्रेत्याने सांगितले. कोणीही हे यंत्र घेऊ नये, निदान जनावराच्या आजारासाठी तर मुळीच नाही. आमच्या म्हशीला दगडी, म्हणजे कास सुजण्याचा आजार, झाली होती. पशुवैद्यांनी कासेला हात लावताच ते ओळखले. पण काट्यावर नजर ठेवण्यात आमचे आठ दिवस गेले होते, आणि तेवढ्यात तिचा एक सड कायमचा निकामी झाला.