चावी काढली तरी धडधडणारी पद्मिनी आणि नाना पेठेतलं गॅरेज

बाबांची प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसी, कार्ब्युरेटरवाली. चावी काढून हातात घेतली तरी इंजिन हिसके देत खडखडत चालूच. आधीच्या गॅरेजवाल्याने इग्निशन स्विच बदलून पैसे घेतले, फरक शून्य.

नाना पेठेतल्या काकांनी आधी नुसतं आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन ज्या वेगाने फिरतं ते, ऐकलं. "ताई, चावी काढली की स्पार्क बंद होतोय. पण इंजिनच्या आत कार्बन साचलाय, तो लालबुंद होऊन पेट्रोल पेटवतोय." स्पार्क प्लग काढून दाखवले, टोकं पांढरीफटक. जास्त तापणारे, चुकीच्या नंबरचे प्लग कुणीतरी बसवले होते. मग हेड (इंजिनचं वरचं झाकण) उतरवून कार्बन खरवडला, योग्य प्लग घातले, स्पार्कचं टायमिंग लावलं आणि चढवून ठेवलेलं आयडलिंग खाली आणलं. आयडलिंग चढं असलं की थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जरा उघडी राहते आणि चावी बंद केल्यावरही पेट्रोल ओढलं जातं. हे इतकं नीट समजावणारा मेकॅनिक मला पहिल्यांदाच भेटला.

हेड उतरवलं की त्याखालचं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पातळ चकती) नवं घालावंच लागतं, तेवढा खर्च धरून चाला. जुने पार्ट त्यांनी न मागता पिशवीत भरून दिले. आता सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तापून आली तरी चावी फिरवताच इंजिन गप्प. गल्ली फार अरुंद आहे, गाडी सकाळी लवकर न्या.